मधलं रबर

ब्रेक दाबला की खालून एक टोला.
जणू कुणी दारावर एकदाच थाप मारून
मग विचार बदलावा.
सेस्फोंटेनहून परतताना चारदा ऐकला.
पाचव्यांदा वेतारुहे मामाने गाडी कडेला घेतली,
इंजिन बंद केलं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"रबर गेलं."

लँड क्रूझर माझ्या जन्माआधीची.
पांढरी होती म्हणतात.

कामांजाबला, पत्र्याच्या शेडमध्ये,
चासी ओंडक्यांवर टेकवून आम्ही खाली सरपटलो.
त्याने पहार घातली, जरा उचकटलं,
आणि एवढा जाडजूड दांडा डोळ्यांदेखत
बोटभर सरकला.
रबर कडेनं तडकलेलं, आटलेल्या पाणवठ्यासारखं.
त्याचा काळा चुरा माझ्या पापण्यांवर.
इथले रस्ते पन्हळी पत्र्यासारखे;
एकेक पन्हळ यानं मुकाट गिळलेली,
तीसएक वर्षं.

ओत्जिवारोंगोच्या दुकानात काउंटरवर दोन डबे.
एकात पिवळं पॉलीयुरेथिन,
लिमलेटच्या गोळीसारखं चकचकीत.
दुसऱ्यात काळं, साधं, कंपनीचं,
आणि महाग.
"पिवळं घ्या," दुकानदाराचा पुतण्या म्हणाला,
"आयुष्यभराची हमी."
"कुणाच्या?" मामाने विचारलं.
पोरगा हसला. मामा नाही.

मला पिवळंच हवं होतं. मी भांडले.
तो नोटा मोजता मोजता बोलत राहिला:
कडक बुश स्वतः झिजत नाही,
आलेला धक्का पुढे ढकलतो,
कंसाला, चासीला, जुन्या वेल्डिंगला,
शेवटी तुझ्या मामीच्या मणक्याला.
पुढच्या दांड्याला पिळवटावं लागतं, काउना.
तिथे पिळवटणारंच हवं.
मग माझं तोंड बघून
मागच्या आडव्या दांड्यासाठी
एक पिवळी जोडी घेतली.

नवे बुश रात्रभर फ्रीजरमध्ये,
आकसावेत म्हणून.
सकाळी मामीला बकऱ्याच्या मांसात
चार काळी फळं सापडली.
ती जे बोलली ते ओत्जिहेरेरोत आहे
आणि तिथेच राहू दे.

प्रेस नव्हता. लांब आट्यांचा बोल्ट,
पाण्याच्या पाइपचा तुकडा, वॉशर सात.
जुन्या नळीला आतून करवतीची चीर,
फार खोल नाही,
दांड्याला ओरखडा उठता कामा नये.
एक दुपार एवढ्यातच गेली.

नव्या रबरात दोन पोकळ्या असतात,
त्यांची तोंडं ठरलेल्या दिशेला हवीत.
तिसरा मी आडवा बसवला.
मामाने पाहिलं. रागावला नाही.
पाना खाली ठेवला, चहा प्यायला गेला.
मी एकटीने पुन्हा काढला.

शेवटचा नट.
चाकं अजून हवेत, दांडे लोंबलेले,
मी पान्यावर सगळं वजन टाकणार,
एवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.
"अधांतरी नाही.
उतरव तिला. स्वतःच्या पायांवर उभी राहू दे,
मग आवळ.
लटकताना आवळलंस
तर रबराला लटकणंच सरळ वाटेल,
आणि नुसतं उभं राहणंसुद्धा
जन्मभर ओढ देत राहील."

जॅक हळूहळू खाली आला.
गाडीने एक सुस्कारा सोडला, टेकली.
पाना कट्‌कन वाजला. पुढचा. पुढचा.

रविवारी लग्नाला निघालो.
मामी मागे, घेरदार झग्यात,
शिंगांची टोपी सांभाळत.
पामवाखच्या जनावर-तपासणी नाक्यावर
मामाने मुद्दाम जोरात ब्रेक दाबला.
काही नाही.
पुन्हा दाबला. शिपाई बघायला लागला.
काही नाही.

फाटक मागे पडलं, पुन्हा पन्हळी सुरू झाल्या,
आणि मागच्या बाजूने बारीक कुरकुर.
चीं. चीं.
मामाने आरशातून माझ्याकडे बघितलं, फक्त बघितलं.

"हा उंदीर कुठून आला?" मामीने विचारलं.
"काउनाचा आहे."
"आणि खातो काय?"
"ग्रीस," मामा म्हणाला,
"दर तीन महिन्यांनी. तीच भरवेल."